गोड बोलण्याचा वर्ग

लुंबिनी सिस्टर आमच्या नांदेडच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला असते. तालुक्याहून कधीकधी मेलेलाच माणूस येतो. तिथल्या डॉक्टरच्या तोंडून खरं निघत न्हाई. "नांदेडला न्या, तिथं मोठी मशीन हाय," म्हणतो अन् गाडीत घालून देतो. मग सांगायचं लुंबिनीनं! परवा तिनं एका बाईचा हात धरून सांगितलं, "मावशी, काका तिथंच गेले होते." थोरल्या लेकानं लुंबिनीच्याच कानाखाली वाजवली.

आमच्या दवाखान्याच्या साहेबांनी त्या तालुक्याच्या डॉक्टरला विचारलं? न्हाई. लुंबिनीलाच 'नातेवाइकांशी कसं बोलावं' या वर्गात बसवलं. कागद दिला: घडलेलं आठवून लिहा, पुढच्या वेळी काय वेगळं बोलाल?

तिनं लिहिलं, "मीबी गोड बोलीन. लातूरला न्या म्हणीन, तिथं मोठी मशीन हाय."