मी खुर्चीतून उठले नाही

"अहो डॉक्टर, हिला या खुर्चीत बसवलंत?"

मॅडम दार ढकलून थेट आत आल्या. दुपारी दवाखाना बंद असतो, पण जुन्या पेशंट, वरच्याच मजल्यावर राहणाऱ्या. मी खुर्चीत आडवी. तोंड उघडं, उजवी बाजू भुलीने बधिर, छातीवरच्या कागदावर रक्त. घाटकोपरच्या या दातांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं मदतनीस आहे. पेशंटच्या खुर्चीत त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

हिरड्यांतून पू येत होता. खालचे दोन दात हलत होते. हिरड्यांखालचा थर खरवडून काढला नाही तर दात जाणार, हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टर म्हणाले होते, "करू या मावशी. दुपारी, पेशंट नसताना." पेशंटसमोर का नाही, हे मी विचारलं नाही.

"यांच्या तोंडातली हत्यारं मग आमच्या तोंडात घालणार? शी!"

यांच्या. म्हणजे मी एकटी नाही. मॅडमना माझं आडनाव माहीत आहे. भीमजयंतीला मी सुट्टी घेते, तेही.

त्यांच्या तोंडातून निघालेली हत्यारं मी धुते. रक्त, थुंकी, दातात अडकलेलं अन्न. वाफेच्या मशीनमध्ये मीच लावते. माझे हात त्यांना चालत होते.

डॉक्टर त्यांना सुनावतील असं वाटलं. ते हातमोजे काढायला लागले.

"मावशी, जरा उठता? यांचं दोन मिनिटांचं काम आहे. तुमचं उरलेलं नंतर बघू."

नंतर म्हणजे भूल उतरणार. परत सुई. आणि माझ्यासाठी ते नंतर कधी उगवणार?

पाय आपोआप खाली गेले. एक चप्पल घातलीसुद्धा. मग काढली. परत आडवी झाले.

"नाय उतनार." बधिर ओठांतून शब्द लाळेसकट पडले.

मॅडम हसल्या. "काय बरळतेय ही?"

मी बोटांनी ओठ धरला. एकेक शब्द सुटा केला. "उठणार नाही. डॉक्टर, आधी माझं संपवा. मॅडम, तुम्ही बाहेर बसा."

"मी दुसरीकडे जाईन डॉक्टर, सांगून ठेवते!" दार आपटलं.

डॉक्टरांनी नवे हातमोजे चढवले. उरलेलं काम वीस मिनिटांत संपवलं. हात मात्र जड चालवला. शेवटी म्हणाले, "माझी पेशंट घालवलीत."

"मीही पेशंटच आहे," मी म्हणाले आणि गुळणी केली.

डावी बाजू बाकी आहे. शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ मी स्वतः लिहिलीय. बाहेर सगळा बाक भरलेला असेल. तोवर नोकरी राहो न राहो, मी येणार. दार उघडं ठेवायला सांगणार.