तेरा तासांचं विमान

रविवार, माघ महिना, सकाळचे अकरा, गोरेगाव (मुंबईतलं नव्हे, आमचं गावाकडचं). हजर: मी, आमचे हे, मुलगा, सून, पाळण्यातली नात, मोठे भाऊजी, जाऊबाई आणि गल्लीतल्या वीसेक बायका. गैरहजर: माझी लेक. म्हणजे नातीची आत्या, जिनं कानात नाव सांगायचं तीच.

लेक मेलबर्नला असते. सहा वर्षांत घरातलं एकही कार्य तिला गाठता आलं नाही. भावाचं लग्नसुद्धा तिनं मोबाईलवर पाहिलं. "बारसं तेवढं माझ्यासाठी ठेव," म्हणाली होती. नाव तिनं ठरवलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. तिकीट शनिवारचं होतं. मी बारशाला बुधवार धरला होता.

भाऊजींनी मोबाईल काढला. मेलबर्न ते मुंबई, दहा हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाला तेरा तास.

"पुण्याची ट्रॅव्हल्स बी तेवढेच घंटे घेते. शनिवारी बसली की रविवारी दारात. बुधवार काहून?"

आमच्याकडे लांबचं अंतर पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं मोजतात. ती फाट्यावर आणून सोडते. विमान फाट्यावर सोडत नाही हे मी म्हणेपर्यंत त्यांनी रविवारचा आचारी सांगून टाकला आणि शेजारच्या पुसेगावपर्यंत निमंत्रणंही गेली.

मोबाईलमधले तेरा तास थेट विमानाचे होते. लेकीला सिंगापूरला उतरून नऊ तास बसायचं होतं. मुंबईहून गोरेगाव म्हणजे आणखी एक रात्र. तिकीट माझ्याकडे महिनाभर पडून होतं. मी ते उघडलं नाही; बारशाच्या यादीत 'विमान, तेरा तास' लिहून पुढे बरोबरची खूण केली. लेकीला रविवार कळवला तोही शुक्रवारी. भाऊजींवर चिडायचा हक्क मी तिथंच निम्मा घालवला.

तर पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजलेल्या आणि आत्या मुंबईच्या विमानतळावर बॅगांची वाट बघत उभी. एक शेजारीण म्हणाली, "आत्याच न्हाई, तर गुद्दे कुणाच्या पाठीत घालायचे?" बायका हसल्या. भाऊजी अंगणात आचाऱ्याला सूचना देऊन राहिले होते.

जाऊबाईंनी स्पीकरवर फोन लावला. नाव सांग, आमी ठेवतो, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"सांगते काकू. पण मग मी येऊन काय करू?"

मी फोनकडे हात केला, त्याआधी सुनेनं पाळण्यातून लेकरू उचललं. बाळंतपणापासून ती मोठ्यांपुढे फारसं बोलली नव्हती.

"ताई, नका सांगू. तुमी या."

जाऊबाईंनी फोन ठेवला. बायका जेवल्या, घुगऱ्या घेऊन गेल्या. जाताना प्रत्येकीनं नाव विचारलं आणि प्रत्येकीला मला सांगावं लागलं: नाव आत्या आल्यावर.

दुपारी यादी काढली. मांडव, आचारी, घुगऱ्या, ओट्या, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. पहिल्या ओळीपुढे मात्र जागा कोरीच होती: लेकराचं नाव.