व्यंकूचे हिरवे आकडे

व्यंकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो. ‘‘भाऊजी, हे उठत न्हाईत...’’ एवढंच लक्ष्मीवहिनी म्हणाल्या आणि पुढं नुसतं रडणं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, एका रिक्षावाल्यानं शेलकी शिवी हासडली, तरी मी तिथंच. आदल्या संध्याकाळी वर्कशॉपचं शटर आम्ही दोघांनी मिळून ओढलं होतं. ‘‘उद्या तरी वेळेवर ये बे,’’ असं नेहमीसारखं बजावून तो गेला होता. जन्मभर मला उशिरावरून बोलणारा माणूस त्या दिवशी स्वतःच आला नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण शटर उघडताना मी अजून रस्त्याकडं बघतो.

व्यंकटेश सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला, मी उजनीच्या काठच्या गावचा. तो मागांच्या खडखडाटात वाढला, मी पाण्याच्या मोटारींच्या. आयटीआयमध्ये एका बाकावर बसलो ते बसलोच. पुढं एमआयडीसीत भागीत शेड घेतली. लेथ माझा, मिलिंग मशीन त्याचं. मागाचे सुटे भाग, पंप आणि मोटार जोडणाऱ्या कपलिंगमधल्या खाचा, असली कामं आमच्याकडं यायची. नम्रपणा हा शब्द व्यंकूच्या गावी नव्हता. ‘‘माझ्या हातनं बिघडलेला एक जॉब अख्ख्या सोलापुरात दाखव, मिशी काढतो की,’’ असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. पण एका वर्षी मिशीच काय, मशीनच सुटायची वेळ आली होती, त्याची ही गोष्ट.

साखरेनं त्याचे डोळे धरले. माणसं ओळखू यायची, रस्ता दिसायचा, पण मशीनच्या हँडलवरच्या रिंगला ज्या बारीक रेघा असतात, ज्यांच्यावर सगळं माप अवलंबून, त्या एकमेकींत मिसळायला लागल्या. तो हँडलला नाक लावून उभा राहायचा आणि मी लेथवर मान खाली घालून काही न बघितल्यासारखं करायचो. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. त्याच्या मुलाचं कपड्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, गल्ल्यावर येऊन बसा. व्यंकूनं हे मला चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाला, ‘‘घरी बसलो की मेलो बे मी.’’ तो असं बोलणारा माणूस नव्हता.

त्यावर आम्ही उपाय काढला तो डिजिटल रीडआउटचा. मशीनच्या सरकत्या टेबलाला काचेच्या मापपट्ट्या जोडायच्या. टेबल जितकं सरकेल तितकं माप समोरच्या डब्यावर ठळक हिरव्या आकड्यांत उमटतं. रेघा वाचायची भानगडच नाही. विकणारा म्हणाला, आमचा माणूस येऊन बसवून देईल. व्यंकू उसळला. ‘‘माझ्या मशीनला भोकं पाडणार तो? मीच पाडणार की.’’ मग एका रविवारी दोघंच बसलो. पट्टी टेबलाशी अगदी समांतर बसायला हवी, नाहीतर आकडा खोटा बोलतो. मी केसाएवढा फरक दाखवणाऱ्या डायल गेजची सुई बघायची, त्यानं लाकडाच्या तुकड्यानं पट्टीला हलकेच ठोकायचं. ‘‘हलली का?’’ ‘‘हलली.’’ ‘‘आता?’’ ‘‘थोडी हाय अजून.’’ ‘‘नीट बघ बे, डोळे तुझे हायत आज.’’ दिवस मावळताना सुई जागची हलेना. डबा चालू केला, आकडे पेटले, आणि तो लांब उभा राहून मोठ्यानं वाचत सुटला, जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. आमची एक चूक मात्र राहिली. मागं जागा अडचणीची होती म्हणून पट्टीच्या आवरणाची उघडी फट खालच्या ऐवजी वरच्या बाजूला आली. वरून पत्र्याचं झाकण करू म्हटलं. दसरा तोंडावर होता, दसऱ्यानंतर बघू.

खंडेनवमीला मशीन पुजायचा मान वहिनींचा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि नारळ. वहिनींचा हात मुळातच सढळ. त्यात नवऱ्याचा धंदा ज्या मशीननं वाचवला त्याला त्या हात आखडतील कशा? नारळ फोडला आणि पाणी टेबलभर, डब्यापासून पट्टीपर्यंत, तीर्थ शिंपडावं तसं शिंपडलं. आणि आम्ही दोन जाणते कारागीर? डोळे मिटून, हात जोडून उभे.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. थोड्या वेळानं मिलिंगचा आवाज थांबला. व्यंकूनं हात पुसले, कोट खुंटीला अडकवला, ‘‘जातो बे,’’ म्हणाला आणि मी काही विचारायच्या आत रिक्षात बसून गेला. साखर कमी झाली असेल, घरी जाऊन खाईल, म्हणून मी परत लेथकडं वळलो. दुपारी त्याचं मशीन चालू करून बघितलं तर हँडलला हात न लावता आकडे थुईथुई नाचतायत. माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी गाडीला किक मारली.

घरी तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. वहिनी दारात डोळे पुसत होत्या. ‘‘संपलं बे,’’ तो म्हणाला. ‘‘मोठे आकडे पण नाचायला लागले माझ्यापुढं.’’

‘‘माझ्यापुढं पण नाचतेत की!’’

तो वळला. ‘‘तुझे पण डोळे गेले?’’

‘‘आरं डोळ्याला काय झालं न्हाय. वहिनींचा नारळ गेलाय पट्टीत!’’

वहिनींनी पदर तोंडाला लावला, आणि व्यंकू इतका हसला की हसता हसता रडायला लागला. तेव्हा मला कळलं की मोठमोठ्यानं बोलणारा हा माणूस आतून किती घाबरलेला होता. मला त्याचा इतका लळा त्याआधी कधी जाणवला नव्हता. त्याच संध्याकाळी पट्टी उघडली. काचेवर कुंकवाची पुसट रेघ वाळली होती. स्पिरिटच्या बोळ्यानं वहिनींनीच ती पुसली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पट्टी उलटी करून, फट खाली घेऊन पुन्हा नीट बसवली, आकडे गुमान उभे राहिले. त्यानंतर गल्ल्यावर बसायचं नाव त्याच्या घरात कुणी काढलं नाही, आणि अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत तो मशीनवरच होता.

दिवसकार्य उरकल्यावर मी एकट्यानं शेड उघडली. त्याच्या मशीनच्या वाइसच्या पकडीत अर्धी खाच पाडलेलं कपलिंग तसंच आवळलेलं होतं. डबा चालू केला. बंद करताना टेबल जिथं असेल तो आकडा हा डबा लक्षात ठेवतो. व्यंकूनं टेबल जिथं सोडलं होतं तोच आकडा समोर उभा राहिला. शहाण्या माणसानं अशा वेळी झिरोचं बटण दाबावं, कटर जॉबला टेकवून माप नव्यानं घ्यावं. मी कुणालाही हेच शिकवलं असतं. बोट बटणावर गेलंही होतं. पण त्यानं घेतलेलं माप मी कोण पुसणार... आणि ते चुकलं असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

त्याच्याच आकड्यापासून मी हँडल पुढं फिरवलं.