अकरा महिने कुणीच न चाखलेलं फूल

अजून आठवलं की माझे हातपाय गार पडतात. अकरा महिने, अहो, अकरा महिने एका घरात, एका ओट्याशी, खांद्याला खांदा लावून काम केलं आणि मला पत्ता नाही! पण आधी जाऊबाई कशा आहेत ते सांगते, नाहीतर माझा गाढवपणा तुमच्या नीट लक्षात यायचा नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं खाणावळ चालवतात. सहा टेबलं, दोन शेगड्या, मागे अंगण आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडवर चढलेले भोपळ्याचे वेल. बाई नाकावर माशी बसू देत नाहीत. फुलं सकाळी, ऊन चढायच्या आत खुडायची, कारण नंतर ती मिटतात. तीही फक्त लांब देठाची, नर फुलं. बुडाशी सुपारीएवढं फळ धरलेल्या फुलाला माझा हात लागला की, "अगं, अख्खा भोपळा मोडलास की!" हे दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणार. आत मधमाशी बसलेली नाही ना ते बघायचं, मधला पिवळा दांडा काढायचा, बटाट्याचं सारण भरायचं, पाकळ्यांची टोकं पिळायची आणि पातळ पिठात बुडवून तळायचं. शेजारच्या शिवणकारखान्यातली माणसं मंगळवारची वाट बघायची, कारण फुलं फक्त मंगळवारी.

आणि एक नियम होता. प्रत्येक वेलाचं एक फूल आधी कच्चं चावून बघायचं. भोपळ्याच्या जातीत एखादा वेल कडू निघतो, आणि तो कडूपणा म्हणजे विषच. माणूस ओकून ओकून आडवा होतो. हे चाखायचं काम जाऊबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठल्या आणि पहिल्याच मंगळवारी त्यांनी फूल माझ्यापुढे धरलं. "घे, आता तू बघत जा. तुझी जीभ तयार व्हायला नको?"

मी फुलून गेले हो! सतरा वर्षं कांदे चिरल्यावर बाईंनी मला मोजलं होतं. पण खरं सांगते, कच्चं फूल मला खाववत नाही. त्यातल्या परागांचं पिवळं पीठ जिभेला चिकटतं आणि शिसारी येते. मग मी काय करायचे? पाठ वळवायची, फूल बादलीत टाकायचं आणि ठसक्यात म्हणायचं, "गोड आहे, जाऊबाई!" म्हटलं, यांनी आधी चाखलंच असेल. मला नुसतं शिकवताहेत.

अकरा महिने असेच गेले. मग एका मंगळवारी कचऱ्याच्या ढिगाजवळ आपोआप उगवलेल्या वेलाला पहिल्यांदा भरपूर फुलं आली होती. मी बादलीला दाखवून "गोड आहे" म्हणाले. तळण सुरू झालं. पहिलं ताट कारखान्यात गेलं. तळलेलं फूल म्हणजे माझा जीव की प्राण, म्हणून दुसऱ्या घाण्यातलं एक मी गरमागरम तोंडात टाकलं.

अरे देवा! अशी कडू जहर चव की डोळ्यांपुढे अंधारी आली. थुंकले, चूळ भरली, तरी जाईना. "गॅस बंद करा!" मी किंचाळले. "कडू आहेत!"

जाऊबाईंनी एक फूल उचललं, शांतपणे चावलं आणि म्हणाल्या, "कुठे कडू आहे?"

मी त्यांचा हात धरला. "थुंका! आधी थुंका!" त्या थुंकल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पिठाच्या डब्यावर मटकन बसल्या.

"तापापासून मला कशाचीच चव लागत नाही गं. वासही नाही. मीठ मुठीने घालते, तिखट रंगावरून. सवयीने चाललंय सगळं." मग हळूच म्हणाल्या, "म्हणून तर फुलं तुझ्याकडून बघून घेत होते."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण उभं राहायला वेळ कुठे होता? ताट गेलेलं होतं! मी अनवाणी धावले. कारखान्यात बहुतेकांनी पहिला घास थुंकला होता. काजंबटणं करणाऱ्या बाईने मात्र चार फुलं खाल्ली होती. चार!

"अहो, कडू लागलं नाही का?" मी ओरडले.

"लागलं की," ती म्हणाली. "पण बाईंच्या हातचं आहे. म्हटलं, काहीतरी औषधी घातलं असेल."

दुपारभर ती ओकत होती. दवाखान्यात सलाइन लावलं. जाऊबाई तिच्या उशाशी बसून होत्या, पाण्याचा घोटही घेतला नाही. संध्याकाळी बाई उठून बसली, तेव्हा जाऊबाईंनी तिला सगळं सांगितलं. "माझी चव गेली, मी लपवलं, चूक माझी, उद्यापासून खाणावळ बंद."

माझ्याने ऐकवेना. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी फूल कधी चाखलंच नाही. बादलीत टाकायचे."

"कधीच नाही?"

"एकदाही नाही."

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मग अकरा महिने फुलं बघत कोण होतं?"

खाटेवरच्या बाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्याला हात लावून म्हणाली, "म्हणजे आम्हीच!"

रडावं की हसावं कळेना. जाऊबाई हसल्या नाहीत. घरी आल्या आल्या त्यांनी तो वेल मुळासकट उपटला.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर खाणावळीच्या रस्त्याकडच्या दाराला कुलूप. आत शेगडीवर आम्हा दोघींपुरता रस्सा उकळत होता. जाऊबाईंनी वाटीत थोडा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. मी फुंकर मारून प्यायले. सतरा वर्षांत त्यांच्या रश्शाला "मस्त" सोडून दुसरं काही म्हणायची माझी छाती झाली नव्हती.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

बाईंची मान ताठ झाली. आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. मग मिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि जाऊबाईंनी विचारलं,

"किती घालू?"