तिंतेरूची पाचवी आवृत्ती

वाल्दिर झारेम्बा कुरितिबा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात संगणकांची देखभाल करी. माणूस अबोल. ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी त्याने घरी बसून एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. नाव ठेवलं 'तिंतेरू', म्हणजे दौत. इंटरनेट बंद ठेवून निवांत लिहायचं आणि जोडणी झाली की एका बटणात सगळं ब्लॉगवर चढवायचं, एवढंच तिचं काम. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि शनिवारी दुपारी दोननंतर स्वस्त पडायचं. त्यामुळे ही फुकटची दौत देशभर पसरली.

पुढे वाल्दिरच्या घरी वेगवान इंटरनेट आलं. दीड वर्ष खपून त्याने पाचवी आवृत्ती काढली. शब्दांची तपासणी, चित्रांच्या रांगा, आणि एक सोय आणखी: उघडताक्षणी दौत स्वतःच इंटरनेटवर जाऊन आपल्याहून नवी आवृत्ती आली का ते बघे. अभिनंदनाच्या पत्रांनी त्याची ईमेलची पेटी भरली. बायको निल्साने केक केला.

सोमवारी फोन आला.

"दौत बनवतोस तो झारेम्बा तूच ना? मी दोना एर्मिनिया. इग्वासू नदीच्या काठी शाळेत शिकवायचे, आता गावच्या बातम्या लिहिते. शनिवारी भाच्याने तुझी नवी दौत बसवली. तेव्हापासून ती नुसती 'शोधत आहे' म्हणते. काय शोधतेय? माझा चष्मा?"

"इंटरनेट जोडून बघितलंत?"

"जोडलेलंच होतं तेव्हा. आणि काय रे पोरा, लिहायला इंटरनेट कशाला लागतं?"

फोन ठेवून वाल्दिर माळ्यावर चढला. तिथला जुना मोडेम काढून त्याने करून पाहिलं. फोनच्या तारेवर तो शोध संपतच नव्हता, आणि तार नसली तर खिडकीच उघडत नव्हती. बसवतानाच नव्या दौतीने बाईंचं जुनं लिखाण आपल्या कप्प्यात ओढून घेतलं होतं, त्यामुळे जुनी आवृत्तीही आता त्यांच्या कामाची नव्हती. आत अडकला होता नुकत्याच वारलेल्या नावाडी ओलेगारियोवरचा लेख. शनिवारी त्याची तिसाव्या दिवसाची प्रार्थना होती आणि परगावची त्याची मुलं तो वाचायला थांबली होती.

दुरुस्ती तबकडीवर घेऊन वाल्दिर शनिवारी सकाळीच निघाला.

"कुणाचा नळ फुटला तर जागचा हलत नाहीस," निल्सा म्हणाली, "आणि दौत सांडली म्हणून बसने चाललास!"

दोना एर्मिनियांकडे पोहोचल्यावर त्याने आधी लेख सोडवला. बाईंनी तो वाचला आणि एका ओळीवर थांबल्या.

"'कधी कुणावर चिडला नाही.' छे! चिडायचा की. नावेत मात्र कधी नाही." त्यांनी ओळ बदलली. मग उकडलेल्या करंज्यांसारख्या, बटाटा भरलेल्या पिएरोगीचं ताट पुढे आलं. दोन वाजता मोडेम किंचाळला आणि लेख ब्लॉगवर गेला.

"नवी आवृत्ती राहू दे ना?" वाल्दिरने विचारलं. "आता अडणार नाही."

"नवीन काय आहे तिच्यात?"

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग जुनीच बसव बाबा."

त्याने जुनी बसवली आणि लेख त्या आवृत्तीत उघडेल असा करून दिला. दीड वर्षाची मेहनत बाईंनी ताटातल्या कांद्यासारखी बाजूला सारली, याचं त्याला परतीच्या बसमध्ये थोडं लागलं.

पुढच्या आठवड्यात त्याने तो शोध काढून टाकला आणि सुधारलेली आवृत्ती सोडली. बदलांच्या टिपणात एकच वाक्य होतं: 'इंटरनेट नसतानाही उघडते.' रेसिफेहून एकाने लिहिलं, 'हे तर पहिल्यापासूनच होतं की!'

काही वर्षांत लोक ब्लॉग सोडून दुसरीकडे लिहू लागले. सहावी आवृत्ती निघाली नाही.