माझ्या वेबसाईटवरचं तिचं पान

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कसबा बावड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला आणि मी स्वतःची वेबसाईट काढली, तेव्हा वरती माझं नाव ठसठशीत अक्षरांत घातलं. खाली माझे लेख. मराठी फॉन्टशी झगडण्यात कितीतरी रविवार गेले.

बायको शिक्षकांच्या घरातली. तिच्याकडं आजोबांपासून सगळे शिकलेले, त्यामुळं माझ्या पदवीचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. आमच्या मुलीच्या बारशाआधी तिनं मुलींची नावं जमवली होती, अर्थासकट. साईट रिकामी दिसत होती म्हणून मीच ती एका पानावर चढवली.

साईटच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा फिरायचा. तो रोज वाढायचा आणि मी ऑफिसात सांगत सुटायचो. शेवटी शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "लोकं येत्यात ते खरं हाय. पर तुझं वाचत्यात काय, ते कुठं कळतंय?"

ते मला झोंबलं. साईट ज्या कंपनीकडं ठेवली होती, तिथं एक सोय होती. कुठल्या देशातून, कुठल्या ऑफिसच्या नेटवरून किती जण आले, कुठलं पान उघडलं, याचा तक्ता दर सोमवारी आपोआप मेलवर यायचा. सगळ्या सूचना इंग्रजीत. कुणाला न विचारता मी ती चालू केली.

पहिला तक्ता उघडला तेव्हा बायको मागं उभी होती. जवळजवळ सगळी माणसं नावांच्या पानावर. अमेरिकेतली, दुबईतली. माझ्या लेखांकडं फिरकलेले मोजके, आणि त्यातलेही बरेचसे आमच्या ऑफिसातून. म्हणजे मीच.

"बघा, दुबईत पण पोरी जन्माला येतात की," ती म्हणाली.

"लेख वाचायला डोकं लागतं."

"हो की. आणि नाव ठेवायला नुसती पोरगी."

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. परक्याचा हेवा वाटला तर त्याला टाळता येतं. ही रोज ताटात भाकरी वाढणार, आणि मला तिच्याकडं बघून दुबई आठवणार. तिच्या पानावर सगळ्यांत वर मी लिहिलं, 'माझे लेखही वाचा.' पुढच्या सोमवारी कळलं, तिथून कुणीही लेखांकडं वळलं नव्हतं. मग मी तिचं पानच काढून टाकलं.

"काढा की, साईट तुमची," एवढंच ती म्हणाली.

आता तरी लोक लेखांकडं येतील, या आशेनं त्यानंतरचा तक्ता उघडला. त्यात शेवटी एक भाग होता, लोकांनी मागितलेली पण न सापडलेली पानं. तिथं तिचं पान. माझ्या सगळ्या लेखांच्या बेरजेपेक्षा जास्त माणसं त्या बंद दारावर येऊन परत गेली होती. शेजारचं माझं दार सताड उघडं होतं. नसलेल्या पानाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या सोमवारी कळलं.

"काय म्हणतोय तक्ता?" तिनं विचारलं.

"लोक तुझं पान शोधतायत."

"मग घाला परत. पण खाली माझं नाव पाहिजे."

घातलं. माझ्या नावापेक्षा बरंच बारीक.

"जरा मोठं करा की."

"बसत नाही," मी म्हणालो.

जागा भरपूर होती.