आता धुळीचं बोला

तपासआबा कुणावरच विश्वास ठेवत नसत. चहा पुढं आला की कपाकडं नव्हे, आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. फौजेतली सगळी नोकरी गेटवरच्या पहाऱ्यात गेली. पेन्शन घेऊन वडूजच्या पूर्वेला आमच्या गावी परतले, तरी गेट डोक्यातून गेलं नाही. ग्रामसेवक असो की सख्खा जावई, सवाल एकच: "कुठनं आलास? कुनी धाडलं?" तेवढ्यात विडी पेटलेली असायची. डॉक्टरवर विश्वास नाही, विडीवर पूर्ण.

मला असाच माणूस हवा होता. गावामागचा डोंगर खडी क्रशरवाल्यानं पोखरायला घेतला, ज्वारीच्या पानांवर पांढरी धूळ साचू लागली, तेव्हा आम्ही समिती काढली. पत्रकं मी लिहायची, संशय आबांनी घ्यायचा. पाचगणीच्या एका शाळेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आम्हाला मिळाला, तो डेअरीमागच्या खोलीत मांडला. राखण अर्थातच आबांकडं. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

क्रशरविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी तोंडावर आली आणि नेमका कॉम्प्युटरच दगा देऊ लागला. चालू केला की पंखा घरघरायचा, निवेदनाच्या चार ओळी होतात न होतात तोवर पडदा काळा. गार झाला की पुन्हा चालू, पुन्हा बंद. मला शंकाच नव्हती. चौकात उभी राहून मी सांगितलं, हे क्रशरवाल्याचंच काम. पत्रकाची पहिली ओळही ठरली: 'आमचा आवाज दाबण्यासाठी आमच्या संगणकात बिघाड घडवून आणला गेला आहे.'

आबांनी ओळ वाचली. "किल्ली माझ्याकडं. मग आत गेलं कोन?"

वडूजच्या दुकानदारानं फोनवरच निकाल दिला होता, प्रोसेसर गेला, नवीन मशीन घ्या. आबा म्हणाले, "न बघता रोग सांगतो त्यो डॉक्टर न्हाई, दलाल हाय."

मग त्यांनी एकेकाला उलटतपासणीला घेतलं. आधी वायर बदलली, बंद. माझा पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला; तरी बंद. मग डब्याचं बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, आणि गडी तासभर चालला.

"ताप हाय ह्याला," आबांनी उलट्या हातानं डबा चाचपला, जनावराचा कान चाचपतात तसा. "कायतरी खाल्लंय."

मशीन बंद करून वायर काढली. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ज्यांतून हवा खेळायला हवी, त्या घोंगडीसारख्या जाम भरलेल्या. मी टाळीच वाजवली. "बघा आबा, क्रशरची धूळ."

आबांनी बोटावर घेऊन वास घेतला. तळाला पांढरं होतं. वर घट्ट थर बसला होता तो पिवळा.

"भंडारा हाय," म्हणाले.

दर रविवारी मेंढरांवर, मोटारसायकलवर, दाराच्या चौकटीवर आबा भंडारा उधळायचे. कॉम्प्युटर घरचाच झाला म्हणून त्यावरही. तोही चालू असताना, म्हणजे देवाला तो जागा दिसावा.

"आवं आबा, खाली पांढरी धूळ आहेच की. भंडाऱ्याचं कशाला बोलायचं?"

"पोरी, त्यांच्या नावावर माझं पाप घालू नगंस. उद्या हे उघडं पडलं तर डोंगराचंबी खोटं ठरंल. खोड ती पत्रकातली वळ."

मी खोडली. रागानं खोडली. आबांनी दाढीच्या ब्रशनं पट्ट्या झाडल्या, वडूजहून आणलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट प्रोसेसरवर लावून पंखा बसवला, आणि निवेदन एका बैठकीत पुरं झालं.

माझं चौकातलं बोलणं मात्र क्रशरवाल्यापर्यंत पोचलं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर तो हसत म्हणाला, "ह्यांचा कॉम्प्युटरसुद्धा आम्हीच बिघडवला म्हणे. असले ह्यांचे आरोप."

आबा उठले. "न्हाई. त्यो म्या बिघडवला, भंडारा टाकून. आता धुळीचं बोला."

त्याचं हसू थांबलं. साहेबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "हां, बोला धुळीचं." तो आपल्या वकिलाकडं बघू लागला.

क्रशर अजून चालूच आहे. साहेब बदलले, चौकशी सुरू आहे म्हणतात. कसली, ते कुणी सांगत नाही. आबा गेल्या थंडीत गेले. फुप्फुसं. शेवटी शेवटी दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. दहाव्याला सगळे म्हणाले, लिही, क्रशरनं माणूस मारला. मलाही तेच लिहायचं होतं. त्याच खोलीत, त्याच कॉम्प्युटरपुढं बसले. पंखा शांत फिरत होता.

पत्रक छापलं आणि गावोगाव वाटलं. त्याची पहिली ओळ अशी आहे: 'आबा जन्मभर विड्या ओढत होते. आता धुळीचं बोला.'